निवृत्तांचा शिकता-शिकवता गट नाशिकमध्ये कसा उभा राहतो?

इंदिरानगरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिकरोड, पाथर्डी फाटा आणि म्हसरूळ इथून आमच्या गटाबद्दल विचारणा होते आहे. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहिते. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी जरूर भर घालावी.

इंदिरानगर आणि आसपासच्या निवृत्त लोकांचा हा गट आहे. आठवड्यातून एकदा सगळे एकत्र जमतो आणि मधल्या दिवसांत पाच-सहा जणांचे छोटे गट कुणाच्या तरी घरी भेटतात. शिकवणारेही आम्हीच आणि शिकणारेही आम्हीच. बाहेरचा वक्ता, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभारप्रदर्शन यांतलं काही नाही. परीक्षा आणि प्रमाणपत्रंही नाहीत.

कल्पना आमची नव्हे. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर वेलास यांनी विद्यापीठातच ज्येष्ठांसाठी वर्ग सुरू केले आणि त्याला ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ असं नाव दिलं. तिथे शिकवायला प्राध्यापकच असत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना ब्रिटनमध्ये पोचली, तेव्हा पीटर लॅस्लेट, मायकल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी तिचं रूपच पालटलं. जन्मभर नोकरी, धंदा, संसार केलेल्या माणसांकडे एवढं साठलेलं असतं, तर त्यांनीच ते एकमेकांना द्यावं, पगारी शिक्षक कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. आज तिथे गावोगावी असे गट आहेत.

नाशिकला हे दुसरं रूप जास्त मानवेल असं माझं मत आहे, आणि ते पैसे वाचतात म्हणून नव्हे. व्याख्यानं ऐकायची सोय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, कुसुमाग्रज स्मारकात वर्षभर काही ना काही चालू असतं. मी स्वतः आवडीने जाते. पण ऐकायला गेलेला माणूस शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी एक शब्दही न बोलता घरी परत येऊ शकतो. नोकरी सुटल्यावर अचानक कुणी आपल्याला काही विचारायला येईनासं होतं. आपल्या सांगण्यावाचून कुणाचं काही अडत नाही. हे ज्याने अनुभवलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. गट उभा करायचा तो यासाठी.

सुरुवात माझ्या घरच्या हॉलमध्ये झाली. इमारतीतले आणि सकाळी फिरताना भेटणारे असे आम्ही दहाएक जण होतो. प्रत्येकाला एक कागद दिला. डाव्या बाजूला ‘मला काय येतं’, उजव्या बाजूला ‘मला काय शिकायचंय’. उजवी बाजू भराभर भरली. मोबाइलवरून पैसे पाठवणं, मोडी वाचणं, पेटी, संस्कृत, गच्चीवरची भाजी, वीजबिल समजून घेणं. डावी बाजू जवळजवळ सगळ्यांची कोरी. “मला कसलं काय येतंय हो,” हेच उत्तर.

नवीन गट काढणाऱ्यांनी या कोऱ्या बाजूपाशी थांबायला हवं. “तुम्हाला काय शिकवता येईल?” असं विचारलं की माणूस आक्रसतो. “नोकरीत सकाळी गेल्यावर पहिलं काम काय असायचं?” असं विचारलं की तोच माणूस अर्धा तास बोलतो. आमच्यातल्या एका काकांची वीज मंडळात खांबावर चढण्याची नोकरी होती. त्यांनी अर्थिंग म्हणजे काय, गीझरला ते का लागतंच, आणि बिलावरचा स्थिर आकार कुठला आणि वापराचा आकार कुठला, हे आपलं स्वतःचं बिल पसरून सांगितलं. त्या दिवशी आलेल्या बायकांनी घरी जाऊन आपापल्या घरचं बिल तपासलं. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक जण आले. इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२०च्या दशकापासून टपाल तिकिटं छापली जातात. गोपनीय काही सांगणार नाही हे त्यांनी आधीच बजावलं. पण तिकिटाच्या कडेची भोकं कशी पडतात आणि रंग जरा सरकला की संग्राहक त्या तिकिटाच्या मागे का लागतात, यावर ते इतकं सुंदर बोलले की पुढच्या आठवड्यात चार जणांनी घरातले जुने अल्बम काढून आणले.

जागेबद्दल थोडक्यात. तळमजला हवा किंवा लिफ्ट हवी. स्वच्छतागृह जवळ आणि कमोडचं हवं. खुर्च्या पाठीच्या हव्यात, प्लास्टिकची स्टुलं नकोत. रिक्षा दारापर्यंत यावी किंवा सिटीलिंक बसचा थांबा जवळ असावा. जागा कितीही देखणी असली आणि यातलं एक जरी नसलं तरी माणसं दोन-तीनदा येऊन थांबतात, आणि का थांबली ते संकोचाने सांगतही नाहीत.

विचारा काय विचारायचं ते.

देवळालीकर

ताई, उपक्रम चांगला आहे. पण एक शंका मनापासून विचारतो. प्रत्येक कॉलनीत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ १९८० पासून काम करतोय. कित्येक संघांकडे स्वतःची जागा किंवा महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे. मग वेगळी चूल कशाला? आहे तिथेच का करू नये?

इंदिरानगरी

देवळालीकर, शंका अगदी रास्त आहे. जिथे संघ नीट चालू आहे तिथे वेगळं काही काढूच नये असं मी म्हणेन. संघाकडे जागा असते, नोंदणी असते, हिशेब असतो, माणसांचा विश्वास असतो. संघाच्या अध्यक्षांना भेटून आठवड्यातली एक दुपार मागा आणि तिथे हा शिकता-शिकवता वर्ग संघाचाच उपक्रम म्हणून चालवा. एसटीची सवलत, पेन्शनची गाऱ्हाणी, सरकारदरबारी पाठपुरावा ही कामं संघ करतातच आणि ती फार मोलाची आहेत.

आमच्या भागात अडचण अशी होती की जवळचा संघ प्रामुख्याने पुरुषांचा होता आणि सकाळी साडेसहाला बागेत भरायचा. त्या वेळी कुठली बाई घराबाहेर पडणार? म्हणून आम्ही दुपारची वेळ धरली. आता त्या संघातलेही बरेच जण आमच्याकडे येतात आणि आमच्यातले त्यांच्या सहलीला जातात.

अबोली

वेळेचा मुद्दा मांडलात ते बरं केलंत. मी सिडकोत राहते. सासूबाई नव्वदीच्या, नातू शाळेत. निवृत्त झाले ती फक्त शाळेतून, घरातून बाई निवृत्त होत नाही. नातवाची रिक्षा दुपारी एकला येते, चारला सासूबाईंचा चहा, सहाला कुकर. मला मिळतो तो दोन ते साडेतीन एवढाच वेळ. पण एवढा मला पुरतो.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी भरतकामापासून सुरुवात केली. एक जण कर्नाटकी कशिदा शिकवते. हात कामात असले की बोलणं आपोआप सुरू होतं. अमुक विषयावर बोला म्हटलं असतं तर कुणी तोंड उघडलं नसतं. आता त्याच बायका फोनवर टंकलेखन शिकताहेत, कारण भरतकामाचे नमुने एकमेकींना पाठवायचे आहेत. त्यामुळे मोबाइल शिकवायचा वेगळा वर्ग काढावा लागला नाही.

ज्या पुरुषांना गटात बायका याव्यात असं वाटतं, त्यांनी स्वतःच्या घरी चहा करायला शिकावं. हे मी रागाने लिहीत नाही. आमच्या गटातल्या दोघींचे यजमान आता दुपारचा चहा स्वतः करतात आणि म्हणूनच त्या दोघी येऊ शकतात.

ओझरचा_प्रवासी

ओझरला विमान कारखान्यात सगळी नोकरी गेली. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत बघितलं. आमच्या टाऊनशिपमध्ये माणसं एकमेकांना ओळखायची. निवृत्तीनंतर सगळे नाशिकभर पांगले. कुणी अमृतधामला, कुणी पाथर्डी फाट्याला. एकाच कंपनीचे लोक वर्षातून एकदा स्नेहमेळाव्यात भेटतात, जेवतात, कोण गेलं ते ऐकतात आणि घरी जातात.

माझा मुद्दा असा की गट एकाच खात्यातल्या किंवा एकाच बॅचच्या लोकांचा करू नये. तिथे साहेब साहेबच राहतो. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी मॅनेजर बोलायला लागला की बाकीचे गप्प. सरमिसळ गटात कोण कुठल्या पदावर होता हे हळूहळू मागे पडतं. आमच्याकडे एक साधा नियम आहे: ओळख करून देताना पद सांगायचं नाही, काम काय करायचो ते सांगायचं. “मी विमानाच्या पंखातल्या तारा जोडायचो” असं कुणी म्हटलं की लगेच चार प्रश्न येतात. “मी अमुक विभागाचा उपव्यवस्थापक होतो” याच्यावर कुणी काय विचारणार?

लेक_दूरची

मी पुण्यात नोकरी करते. आई गंगापूर रोडला एकटी राहते. बाबा गेल्यापासून ती देवळात आणि भाजी आणायला जाते, बस. शेजारी असाच एक गट आहे. मी दर रविवारी फोनवर म्हणते, “आई, जा ना, तुझंही मन रमेल.” ती “बघू” म्हणते आणि जात नाही. कसं करू?

इंदिरानगरी

बाळ, ‘मन रमेल’ हे शब्द वापरू नकोस एवढीच पहिली विनंती. त्यातून तिला असं ऐकू येतं की लेक आपली काळजी करतेय, आपण तिच्यावर भार झालोय.

गटातल्या कुणाला तरी तिच्याकडे पाठव, आणि येणाऱ्याने काहीतरी मागायला यावं. तिला काय चांगलं जमतं? काहीतरी असेलच. आमच्याकडे एक काकू अशाच येत नव्हत्या. आमच्यातल्या एकीने जाऊन सांगितलं, “कैरीचं लोणचं दरवर्षी बुरसतंय, तुमचं टिकतं असं ऐकलं. आमच्याकडे येऊन एकदा दाखवाल का?” काकू आल्या. मीठ किती, मोहरी कशी फेसायची, बरणी उन्हात किती वेळ ठेवायची, सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात बरणी कशी आहे ते बघायला स्वतःहून आल्या. तेव्हापासून येतात.

आणखी एक. पहिल्या दिवशी तिला न्यायला दारापर्यंत कुणीतरी जावं. चाळीस अनोळखी माणसांच्या खोलीत एकटीने शिरणं सत्तरीत फार जड जातं. ओळखीचा एक चेहरा सोबत असला की पुरतं. तू त्या गटाच्या समन्वयकाशी बोल, ते नक्की करतील.

लेक_दूरची

मावशी, खूप बरं वाटलं वाचून. आई टाऊन हायस्कूलमध्ये गणित शिकवायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इथल्या नववी-दहावीच्या मुलांना…

इंदिरानगरी

हो, पण सावकाश. सुरुवात समवयस्कांपासूनच होऊ दे. मुलांना शिकवायला लागलं की पुन्हा नोकरी सुरू झाल्यासारखं होतं, वेळापत्रक, पालक, परीक्षा. गणिताच्या बाईंना आमच्या गटात पंचांगाचं गणित, मुदत ठेवीवरचं चक्रवाढ व्याज, सुडोकू असं कितीतरी करता येईल. नंतर तिला वाटलं तर मुलं आहेतच.

नोंदवही

बँकेत लेखापरीक्षण विभागात होतो, म्हणून पैशांविषयी आणि नोंदणीविषयी लिहितो. उत्साहाच्या भरात लोक पहिल्या महिन्यातच “चला, संस्था रजिस्टर करू” म्हणतात. माझा सल्ला असा की निदान वर्षभर थांबावं.

महाराष्ट्रात अशी संस्था साधारणपणे १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदली जाते. पहिल्या कायद्याला किमान सात सभासद लागतात. नोंदणी करणं अवघड नाही. पुढची वर्षं सांभाळणं अवघड आहे. दरवर्षी हिशेबाची तपासणी करून घ्यावी लागते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो, आणि ज्येष्ठांच्या संस्थेत कार्यकारिणी बदलण्याचं कारण कित्येकदा कुणाचं तरी निधन हेच असतं. त्या दुःखात हा कागद राहून जातो. वर्षांनी कळतं की कागदोपत्री अध्यक्ष हयातच नाहीत आणि बँक सह्या मान्य करत नाही.

नोंदणी कधी करावी? वार्षिक खर्च बऱ्यापैकी झाला, जागा भाड्याने घ्यायची झाली किंवा महापालिकेकडून केंद्र मागायचं झालं, तेव्हा. तोवर एक जमाखर्चाची वही, दोघांनी मिळून सांभाळलेली पेटी आणि दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचलेला हिशेब एवढं पुरे. मोठ्याने वाचणं महत्त्वाचं. वही उघडी आहे असं नुसतं सांगून कुणी ती बघायला येत नाही.

देणगी घेताना सांभाळा. विमा विकणारे, गुंतवणूक सुचवणारे, मोफत आरोग्य तपासणीच्या नावाखाली गाद्या आणि यंत्रं विकणारे असे लोक निवृत्तांच्या गटाकडे फार लवकर येतात, कारण इथे एकाच खोलीत ग्रॅच्युइटीचे पैसे असलेली पन्नास माणसं मिळतात. “चहा-नाश्ता आमच्याकडून” म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. निवडणुकीच्या तोंडावर येणाऱ्या उमेदवारांनाही तेच.

सातपूरकर

मी अंबडला एका कंपनीत टर्नर होतो. वर्गणीविषयी बोलायचंय. इथे बहुतेक जण सरकारी, बँकेचे, शाळेचे दिसतात. तुम्हाला पेन्शन चांगली आहे आणि ती तुम्ही कमावलेली आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कारखान्यातल्या कामगाराला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीवाल्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. माझ्या ओळखीचे कित्येक जण दीड-दोन हजारांत आहेत. एका गटात गेलो होतो, वर्षाची वर्गणी, सहलीचे वेगळे, वाढदिवसाचे वेगळे. माणसं चांगली होती. पण दर वेळी पाकीट काढायचं म्हटल्यावर मी जाणं बंद केलं, आणि कारण सांगितलं नाही.

दुसरं, बोलण्याची भाषा. पुस्तकांवर चर्चा सुरू झाली की आमच्यासारखा माणूस कोपऱ्यात बसतो. मला मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो, सुरीला धार कशी लावायची, नळाचा वॉशर कसा बदलायचा, शिलाई मशीन का अडकतं हे सगळं येतं. पण तिथे मला कुणी विचारलं नाही.

इंदिरानगरी

सातपूरकर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी आहे असं धरून.

वर्गणीचं आम्ही असं ठेवलंय: दाराशी एक बंद डबा असतो. ज्याला जे टाकायचं ते टाकतो, कुणी किती टाकले ते कुणालाच कळत नाही. छोटे गट घरी भरत असल्यामुळे भाडं नाही. चहा आळीपाळीने, आणि चहाबरोबर पार्ले-जीच, दुसरं काही आणायचं नाही असा नियम केलाय. हा नियम सगळ्यात कामाचा ठरला. आधी एकीने ढोकळा केला, दुसरीने कचोऱ्या, तिसरीवर दडपण. ज्यांचं घर लहान त्या बोलवायलाच कचरायला लागल्या होत्या.

सहली फक्त एसटीने. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत, बायकांना सरसकट अर्धं. सिन्नरचं गोंदेश्वर, अंजनेरीच्या पायथ्याचं नाण्यांचं संग्रहालय, त्र्यंबक, हे सगळं असंच होतं.

आणि सुरीची धार! तुम्ही याल का आमच्याकडे? घरी येणारी प्रत्येक बाई आपापली सुरी घेऊन येईल.

सातपूरकर

येईन. धार लावायचा दगड मी आणतो.

त्रिरश्मी

इतिहास शिकवायचे, आता शहर दाखवते. फिरण्याच्या गटाविषयी लिहिते, कारण आपल्या नाशिकमध्ये पायाखाली इतकं आहे की वर्गाच्या भिंतींची गरजच पडू नये.

पंचवटीतला आमचा फेरफटका काळाराम मंदिराच्या दारापाशी सुरू होतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण गटातल्या एका आजोबांचे वडील त्या सत्याग्रहात होते. ते बोलायला लागले आणि मी गप्प बसले. घरात काय सांगितलं जायचं, नंतरची वर्षं वस्तीत कशी गेली, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. आजोबा गटात पहिले काही आठवडे नुसते ऐकायला येत होते. त्या दिवशी त्यांनी आम्हाला शिकवलं. आता त्यांच्या आठवणी आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवतोय, त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीने.

पांडवलेण्यांचा प्रश्न पायऱ्यांचा येतो. गुडघे सगळ्यांचेच कुरकुरतात. आम्ही गटाचे दोन भाग करतो. चढू शकणारे वर जातात, तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आणि दहाव्यातले नहपान क्षत्रपाचा जावई उषवदाताचे लेख यांचे फोटो काढून आणतात. न चढणारे खाली फाळके स्मारकाच्या बागेत बसतात, आणि ब्राह्मी अक्षरांचा तक्ता त्यांच्याकडे असतो. फोटो खाली आले की अक्षरं लावायचं काम त्यांचं. म्हणजे खाली बसलेल्यांना आपण मागे राहिलो असं वाटत नाही, खरं काम त्यांच्याकडेच असतं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या या उषवदाताने गावं आणि शेतं दान दिली, भिक्षूंच्या कपड्यांसाठी रक्कम गुंतवून ठेवली, तिच्यावर व्याज किती ते सुद्धा लिहून ठेवलं. निवृत्त बँकवाल्यांना तो लेख सोडवत नाही!

थंडीत नांदूरमध्यमेश्वर. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं क्षेत्र. पहाटे जायचा हट्ट नको, डिसेंबरातली निफाडची थंडी दमेकऱ्यांना सोसत नाही. ऊन पडल्यावर निघालं तरी पक्षी भरपूर दिसतात.

अबोली

त्रिरश्मीताई, ऐकू कमी येणाऱ्यांचं काय करता? आमच्याकडे एक आजी हळूहळू यायच्या बंद झाल्या. नंतर कळलं की त्यांना काही ऐकूच येत नव्हतं आणि त्या नुसत्या हसून मान डोलवत होत्या.

त्रिरश्मी

फार मोठा प्रश्न आहे हा, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. चष्मा लागला तर माणूस सांगतो, कानाचं लपवतो. आम्ही रांगेत बसत नाही, गोलात बसतो, म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. पंखा जोरात ठेवत नाही, त्याच्या घरघरीत कानाच्या यंत्राला त्रास होतो. एका वेळी एकानेच बोलायचं. आणि जे बोलणार त्याचे मुद्दे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आधीच फिरवायचे. त्या आजींना परत बोलवा आणि तुमच्या उजव्या हाताला बसवा. कुठल्या कानाने बरं ऐकू येतं तेवढं मात्र विचारून घ्या.

ओझरचा_प्रवासी

व्हॉट्सॲपबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आमचा गट जवळजवळ त्यानेच मोडला होता. पहाटे चारपासून सुप्रभात, मग राजकारण, मग कुणी रागावून बाहेर. आता सूचनांचा गट वेगळा आहे, त्यावर फक्त समन्वयक लिहितात. गप्पांचा वेगळा, ज्याला हवा तो राहतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी फोनसाखळी: प्रत्येकाने पुढच्या दोघांना फोन करायचा. ही साखळी आम्ही पावसाळ्यात बैठक रद्द झाल्याचं कळवायला सुरू केली. आता तिचा खरा उपयोग वेगळाच होतो. सकाळचा फोन कुणी उचलला नाही तर तासाभरात कुणीतरी दारात जाऊन बघतं.

नोंदवही

त्याला जोडून. मोबाइलच्या वर्गात दोन गोष्टी आधी शिकवा. एक, डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. पोलिसाच्या गणवेशातला माणूस व्हिडिओवर दिसला तरी फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लाजेपोटी मुलांपासून लपवत न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करायचा, जितकं लवकर तितकी पैसे अडण्याची शक्यता जास्त. आम्ही याचं नाटुकलं करतो, एक जण ठग होतो आणि दुसरा फोन उचलतो. नुसतं सांगून लक्षात राहत नाही, धमकीचा आवाज एकदा ऐकून ठेवावा लागतो.

दोन, हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देणं. सरकारी पेन्शनवाल्यांची नोव्हेंबरात बँकेत रांग लागते. ईपीएसवाल्यांना मात्र वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. सातपूरकर, तुमच्या मंडळींना हे जरूर सांगा, पुष्कळांना माहीत नसतं आणि ते उगाच नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहतात.

देवळालीकर

सगळं वाचलं. आमच्या संघाच्या अध्यक्षांशी आज बोललो. बुधवारची दुपार द्यायला ते तयार आहेत. आता प्रश्न असा: शंभर सभासद आहेत. सगळे आले तर शिकणं-शिकवणं व्हायचं कसं?

इंदिरानगरी

वा! सगळे येणार नाहीत, पण तीसेक आले तरी एका गोलात मावत नाहीत, आणि तीस माणसांत पाच जणच बोलतात. म्हणून पहिल्याच बुधवारी दोन बाजूंचा कागद भरून घ्या आणि तिथल्या तिथे विषयांप्रमाणे गट पाडा. गट आठ-दहाचा. प्रत्येक गटाला एक समन्वयक. त्याने शिकवायचं नाही, फक्त दिवस-वेळ ठरवायची, न आलेल्याला फोन करायचा आणि पुढच्या वेळी कोण काय सांगणार ते विचारून ठेवायचं. गट बाराच्या वर गेला की दोन करायचे, कितीही जिवावर आलं तरी. आमचा मोडीचा गट फुटू नये म्हणून आम्ही फार ओढून धरला, आणि मागे बसणारे गळत गेले. दोन केल्यावर दोन्ही भरले. आता एक गट जुनी खरेदीखतं वाचतो, दुसरा अजून बाराखडीवर आहे.

समन्वयक वर्षाने बदलाच. चांगला समन्वयक मिळाला की सगळे त्याच्यावर सोडून मोकळे होतात. मग तो आजारी पडला किंवा मुलाकडे परदेशी गेला की गट बसतो. म्हणून सुरुवातीपासून जोडीने नेमा, एक मुख्य आणि एक त्याच्याबरोबर शिकणारा.

गट बंद पडला तरी वाईट वाटून घेऊ नका. आमचा बागकामाचा गट एका पावसाळ्यानंतर संपला, सगळ्यांना हवं होतं तेवढं शिकून झालं होतं. त्यातलेच लोक आता पेटीच्या गटात आहेत.

सातपूरकर

अशोकनगरला आमच्या जुन्या कंपनीतले आणि आसपासचे मिळून बारा-पंधरा जण जमतील. समाजमंदिर दुपारी रिकामं असतं, किल्ली मिळेल. वर्गणी ठेवणार नाही. पहिल्या वेळी काय करू?

इंदिरानगरी

घरातली बिघडलेली एक-एक वस्तू घेऊन यायला सांगा. मिक्सर, इस्त्री, छत्री, सायकलचा ब्रेक, काहीही. ज्याला जी दुरुस्त करता येईल त्याने ती सगळ्यांसमोर करायची आणि करताना बोलायचं. बायकांना मुद्दाम बोलवा, शिलाई मशीन त्यांच्याकडेच अडलेली असतात. वीज मंडळातले आमचे काका टेस्टर घेऊन येतील, त्यांना मी विचारलं आहे. मीही येते, माझी इस्त्री गेले कित्येक महिने बंद आहे.

नोंदवही

शनिवारी ठेवत असाल तर मीही येतो. कोरी जमाखर्चाची वही आणि हयातीच्या दाखल्याचं ॲप घातलेला फोन बरोबर आणतो. ज्यांचा दाखला राहिलाय त्यांना आधार आणि पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक घेऊन यायला सांगून ठेवा.

सातपूरकर

शनिवार, दुपारी तीन. पायऱ्या दोनच आहेत, कठडा आहे. पाठीच्या खुर्च्या कमी पडतील, त्या शेजारच्या मंडळाकडून आजच सांगून ठेवतो.